काकवी स्वच्छ रीतीने बाटलीत कशी भरावी

उसाचा रस आटवून गूळ करण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत हंगाम सुरू झाला म्हणजे गुऱ्हाळांची चुलवणे पेटतात आणि काहिलीतून गुळाबरोबर काकवीही उतरते. भाकरी, दशमी, घावन किंवा आंबोळी यांच्याबरोबर काकवी आवडीने खाल्ली जाते. पूर्वी ती घरापुरती मडक्यात किंवा बरणीत ठेवीत आणि काही दिवसांत संपवीत. अलीकडे शहरांतील ग्राहकही काकवी मागू लागला आहे. अनेक शेतकरी कुटुंबे आणि महिलांचे बचत गट ती बाटल्यांत भरून विकू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह होय.

परंतु काकवी उत्तम करणे ही एक गोष्ट आणि ती महिनोन्‌महिने उत्तम राहील अशी बाटलीत भरणे ही दुसरी. पुष्कळदा असे घडते की, गुऱ्हाळावर सोन्यासारखी दिसणारी काकवी फाल्गुनात बाटलीत भरली जाते आणि वैशाखात तिच्यावर फेस येतो. झाकण उघडताच फसकन वायू सुटतो, आंबूस वास येतो, क्वचित बाटली फुटते. ग्राहक ती परत करतो व पुन्हा मागत नाही. वर्षभर सांभाळलेल्या उसाचे मोल अशा रीतीने शेवटच्या अर्ध्या तासातील निष्काळजीपणामुळे वाया जाते. हे टाळण्यास मोठे यंत्र लागत नाही. काकवी का बिघडते याचे ज्ञान आणि काही साध्या नियमांचे कसोशीने पालन, एवढे पुरेसे आहे.

काकवी बिघडते का?

काकवीत सर्वसाधारणपणे शेकडा ३० ते ३६ भाग पाणी असते. उरलेला बहुतेक भाग साखरेचा असतो. त्यात उसाची मूळ साखर शेकडा ४० ते ६० आणि तिच्यापासून फुटून झालेल्या ग्लुकोज व फ्रुक्टोज या साखरा शेकडा १५ ते २५ असतात. साखर इतकी दाट असली म्हणजे ती सूक्ष्म जीवांच्या अंगातील पाणी ओढून घेते. त्यामुळे सामान्य जंतू तीत वाढू शकत नाहीत. मुरंबा टिकतो तो याच कारणाने.

तथापि यीस्टच्या, म्हणजे किण्वांच्या, काही जाती अशा आहेत की त्या दाट साखरही सहन करतात. हवेत, उसाच्या सालीवर, न धुतलेल्या फडक्यावर आणि गुऱ्हाळाच्या ओल्या जमिनीवर त्या सर्वत्र असतात. काकवी थोडी जरी पातळ राहिली तरी त्यांना संधी मिळते. त्या साखर खाऊन मद्यार्क व कर्बद्विप्राणिद वायू तयार करतात. बाटलीवर दाब आणणारा वायू हाच. काकवीच्या पृष्ठभागावर हवा असेल तर तेथे बुरशीही धरते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. सबंध बाटलीतील काकवी दाट असूनही ती बिघडू शकते. समजा, एकाच आदणातील काकवी दोन घरी नेली. एका घरी बाटल्या पूर्ण कोरड्या करून भरल्या, दुसऱ्या घरी धुऊन लगेच ओल्याच भरल्या. ओल्या बाटलीतील चमचाभर पाणी काकवीत आपोआप मिसळत नाही. काकवी जड असल्यामुळे ते तिच्या वर तरंगते आणि तेथे एक पातळ थर तयार होतो. किण्वास वाढावयास तेवढा थर पुरेसा होतो. गरम काकवी भरल्यावर वर उठणारी वाफ झाकणाला लागून थेंब होऊन खाली पडते. तिचाही परिणाम असाच होतो. म्हणून ‘काकवी दाट आहे, आता काय होते’ असे समजून स्वस्थ राहू नये.

सबब टिकाऊ काकवीचे आधार चार आहेत: योग्य दाटपणा, स्वच्छ व कोरडे भांडे, भरतेवेळची पुरेशी उष्णता आणि घट्ट झाकण. यांपैकी एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

दाटपणा कसा ओळखावा?

काकवीचा चांगुलपणा शेतापासूनच सुरू होतो. पक्व, निरोगी, न लोळलेला ऊस घ्यावा. को ९२००५, को-सी ६७१ यांसारख्या गुळास चांगल्या ठरलेल्या जाती काकवीसही चालतात. तोडलेला ऊस शक्यतो त्याच दिवशी गाळावा. तोडून ठेवलेल्या उसातील साखर फुटू लागते, रस आंबतो आणि काकवीचा रंग काळवंडतो. रस गाळून काहिलीत घ्यावा. आरंभी जाळ बेताचा ठेवावा व भेंडीचे पाणी घालून वर येणारी मळी पूर्णपणे काढावी. मळी राहिली तर पुढे कितीही गाळले तरी काकवी गढूळच दिसते.

रंग उजळ यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस पावडर घालतात. ही सवय सोडून द्यावी. तिच्यामुळे पदार्थात गंधकाचा अंश राहतो, तो आरोग्यास अपायकारक आहे आणि आलेला उजळपणाही टिकत नाही. मळी नीट काढलेल्या काकवीचा तांबूस सोनेरी रंग हीच तिची खरी ओळख.

गुळासाठी पाक सुमारे ११८ अंश सेल्सियसपर्यंत नेतात. काकवी त्याच्या पुष्कळ आधी, १०३ ते १०६ अंशांच्या दरम्यान उतरवावी लागते. मुरलेला गुळव्या हे पाकाच्या तारेवरून आणि उलथन्यावरून पडणाऱ्या थेंबावरून ओळखतो. हे कसब मोलाचे आहे. परंतु बाटल्या भरून विकावयाच्या असतील तर प्रत्येक आदण सारखे असावे लागते आणि त्यास तापमापकाची जोड हवी. तापमापक पोलादी दांड्याचा घ्यावा. काचेचा पाऱ्याचा तापमापक काहिलीत मुळीच वापरू नये, कारण तो फुटल्यास सबंध आदण टाकून द्यावे लागेल.

तापमापक बरोबर आहे की नाही हे उकळत्या पाण्यात बुडवून आधी पाहावे. समुद्रकाठी पाणी १०० अंशांवर उकळते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच असल्यामुळे तेथे ते सुमारे ९८ अंशांवर उकळते. तेव्हा कोल्हापुरास ९८ अंश दाखविणारा तापमापक बिघडलेला नाही, असे समजावे. हाच फरक काकवीसही लागू पडतो. उंचावरील गावी १०३ ते १०४ अंशांवर जो दाटपणा येतो तोच कोकणपट्टीत १०५ ते १०६ अंशांवर येतो. आपल्या गावी पाणी किती अंशांवर उकळते हे पाहून त्याच्यापुढे ५ ते ६ अंश, असा हिशेब ठेवणे सोयीचे होय.

ज्यांच्याजवळ ब्रिक्स मोजण्याचे साधन आहे त्यांनी काकवीचा नमुना वाटीत काढून पूर्ण थंड झाल्यावर पाहावा. गरम नमुन्याचा आकडा चुकतो. हा आकडा ६६ ते ७० च्या दरम्यान असावा. त्याहून कमी असेल तर काकवी आंबण्याचा धोका असतो. फार जास्त असेल तर बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे बसतात. खडे बसण्यातील अपाय केवळ दिसण्यापुरता नाही. साखर खाली बसली की वरचा द्रव त्या मानाने पातळ होतो आणि पुन्हा आंबण्यास वाट मिळते.

खडे बसू नयेत म्हणून खाद्य प्रतीचे सायट्रिक आम्ल १०० किलो काकवीस ४० ग्रॅम या प्रमाणात थोड्या गरम काकवीत विरघळवून मिसळावे. त्यामुळे काही साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात आणि खडे बांधण्यास अडथळा येतो. आम्ल अंदाजाने न घालता तोलूनच घालावे. जास्त झाल्यास चव बिघडते.

उत्पन्नाचा अंदाजही आधी बांधता येतो. २० ब्रिक्सच्या १०० किलो रसात सुमारे २० किलो घन पदार्थ असतो. त्यापासून ६८ ब्रिक्सची काकवी हिशेबाने सुमारे २९ किलो होईल. मळी व गाळण यांतील घट वजा जाता प्रत्यक्षात ती त्याहून काहीशी कमी मिळते. यावरून बाटल्या किती लागतील हे ठरवावे व त्या आदल्या दिवशीच तयार ठेवाव्या. काकवी तयार आणि बाटल्या धुवावयाच्या, अशी घाई झाली की चुका होतात.

गाळणे व निवळणे

उतरविलेली काकवी गरम असतानाच जाड मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळावी. थंड झाल्यावर ती फडक्यातून उतरत नाही. फडके दरवेळी उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. सुवासिक साबण त्यास लावू नये, कारण वास काकवीत उतरतो.

गाळल्यावरही काकवीत क्षार आणि मळीचे अतिसूक्ष्म कण राहतात. यास्तव ती स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या पोलादी टाकीत ८ ते १० दिवस न हलविता ठेवावी. कण हळूहळू तळाशी बसतात. टाकीस तोटी असल्यास ती तळापासून चार बोटे वर असावी. वरची नितळ काकवी तेवढी काढून घ्यावी. तळचा गाळ घरच्या उपयोगास किंवा जनावरांच्या चाऱ्यावर शिंपडण्यास वापरावा, बाटलीत भरू नये. काकवीस आंबटपणा असल्यामुळे पितळेच्या, तांब्याच्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात ती साठवू नये. जुने रॉकेलचे किंवा तेलाचे पत्र्याचे डबे तर पूर्णतः वर्ज्य समजावे.

बाटल्यांची निवड

काचेची रुंद तोंडाची बाटली सर्वांत चांगली. ती उष्णता सहन करते, तिला वास लागत नाही आणि आतील काकवी ग्राहकास दिसते. साधी प्लॅस्टिकची बाटली ७० अंशांच्या आसपास मऊ पडून वाकते. म्हणून तीत गरम काकवी भरता येत नाही. थंड काकवी भरल्यास उष्णतेचा आधार नाहीसा होतो.

बाजारातून जुन्या बाटल्या स्वस्त मिळतात, त्यांचा मोह धरू नये. औषधाच्या, कीटकनाशकाच्या किंवा रसायनाच्या बाटलीत काकवी भरणे म्हणजे जीवाशी खेळ होय. अशी बाटली कितीही वेळा धुतली, उकळली तरी तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. शेतघरात फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या पडून असतात आणि घाईत कोणीतरी त्या उचलतो. तेव्हा काकवीच्या बाटल्यांची जागा निराळी व कुलूपबंद असावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या गोष्टीवर प्रत्येक सभेत भर द्यावा.

झाकण आतून अस्तर असलेले, आटे बसणारे आणि नवे असावे. एकदा वापरलेले झाकण पुन्हा घट्ट बसत नाही. लाकडी बुचाच्या छिद्रांत बुरशी राहते, म्हणून तेही टाळावे.

बाटलीचे माप निवडताना पुष्कळांची गफलत होते. काकवी पाण्याहून जड असते. ६८ ब्रिक्सच्या एक लिटर काकवीचे वजन सुमारे १ किलो ३४० ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो काकवीस सुमारे ७५० मिलिलिटर जागा लागते. गरम काकवी थोडी फुगलेली असते व वर किंचित मोकळी जागाही ठेवावी लागते. यासाठी एक किलोकरिता काठोकाठ सुमारे ८०० मिलिलिटर मावणारी बाटली घ्यावी.

भरण्याची रीत

१. बाटल्या गरम पाण्याने व ब्रशने आतून धुवाव्या आणि स्वच्छ पाण्याने तीनदा विसळाव्या. चिरलेल्या किंवा काठ तुटलेल्या बाटल्या बाजूस काढाव्या.

२. मोठ्या पातेल्याच्या तळाशी फडके घालून त्यावर बाटल्या ठेवाव्या. बाटल्या बुडतील इतके थंड किंवा कोमट पाणी घालून मग जाळ लावावा. पाणी उकळू लागल्यापासून १५ ते २० मिनिटे उकळू द्यावे. उकळत्या पाण्यात थंड बाटली टाकल्यास ती तडकते.

३. बाटल्या चिमट्याने काढून स्वच्छ, कोरड्या फडक्यावर उपड्या ठेवाव्या. स्वतःच्या उष्णतेने त्या आतून कोरड्या होतात. आतून फडक्याने पुसू नये. पुसण्याने नवी घाण आत जाते. आत एक थेंबही दिसत असेल तर ती बाटली भरू नये.

४. निवळलेली काकवी पोलादी पातेल्यात घेऊन मंद जाळावर ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवावी. पुन्हा उकळू देऊ नये. उकळल्यास पाणी आटून ती प्रमाणाबाहेर दाट होते. भरणे संपेपर्यंत तिची उष्णता ८५ अंशांखाली जाऊ देऊ नये. यासाठी पातेले चुलीवरच ठेवावे व तापमापक वरचेवर पाहावा.

५. बाटली गरम असतानाच, पोलादी नरसाळ्याने, गळ्यापर्यंत भरावी. वर सुमारे एक सेंटिमीटर जागा ठेवावी. बाटली शहाबादी फरशीवर किंवा ओट्यावर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावी.

६. काठावर सांडलेली काकवी उकळून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावी आणि गरम पाण्यातून काढून कोरडे केलेले झाकण लगेच घट्ट लावावे.

७. झाकण लावताच बाटली दोन ते तीन मिनिटे आडवी किंवा उपडी ठेवावी. असे केल्याने गरम काकवी झाकणाच्या आतील बाजूस व गळ्यास लागते, तेथील किण्व मरतात आणि वाफेचे थेंब काकवीत मिसळून जातात. ही क्रिया क्षुल्लक वाटते, परंतु ती वगळलेल्या बाटल्याच पुढे वरून बुरसतात.

८. मग बाटल्या उभ्या करून त्यांच्यात दोन-तीन बोटे अंतर ठेवून निवू द्याव्या. गरम बाटल्या एकमेकींस खेटून किंवा पोत्यात गुंडाळून ठेवल्यास आतील उष्णता तासन्‌तास टिकते व काकवी काळी पडते. त्यांच्यावर थंड पाणी ओतणेही योग्य नाही, काच तडकते.

९. निवल्यावर बाटली बाहेरून धुऊन कोरडी करावी. चिकट बाटलीकडे मुंग्या व माशा येतात आणि तिच्यावर चिठ्ठीही नीट चिकटत नाही.

भरणाऱ्याने हात साबणाने धुतलेले असावे, केस बांधलेले असावे. हातास जखम किंवा पोट बिघडलेले असल्यास त्या दिवशी हे काम दुसऱ्याकडे द्यावे. ८५ अंशांची काकवी अंगास चिकटते आणि पाण्याहून अधिक भाजते. म्हणून लहान मुलांस तेथे फिरकू देऊ नये.

परदेशातील एक उदाहरण

याच तत्त्वावर उत्तर अमेरिकेतील एक घरगुती धंदा चालतो. कॅनडातील क्विबेक प्रांत आणि अमेरिकेतील व्हरमाँट राज्य येथे मेपल नावाच्या झाडांस हिवाळ्याच्या अखेरीस भोके पाडून रस गोळा करतात. त्या रसात साखर शेकडा दोनच्या आसपास असल्यामुळे एक लिटर पाकासाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. तेथील कुटुंबेही पाक सुमारे ६६ ब्रिक्सवर उतरवितात, गरम असतानाच गाळतात, ८२ ते ८५ अंशांवर बाटलीत भरतात आणि झाकण लावून बाटली आडवी करतात. झाड निराळे, हवामान निराळे, परंतु दाट साखरेच्या पाकास टिकविण्याचा नियम एकच. आपल्या उसाचा रस त्या मानाने कितीतरी गोड असतो व इंधन म्हणून चिपाडे घरचीच असतात. उणीव असते ती केवळ शेवटच्या टप्प्यातील काटेकोरपणाची.

साठवण, तपासणी व विक्री

बाटल्या थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवाव्या. प्रत्येक आदणास क्रमांक द्यावा आणि त्या आदणातील दोन बाटल्या नमुना म्हणून स्वतःजवळ राखाव्या. एक थंड जागी व एक उबदार जागी ठेवून दर आठवड्यास पाहावी. फेस, बुडबुडे, फुगलेले झाकण किंवा वरच्या बाजूस पांढुरके डाग दिसले तर त्या क्रमांकाच्या सर्व बाटल्या विक्रीतून ताबडतोब काढाव्या. फुगलेली बाटली उघडताना तोंडावर जाड फडके धरावे. आंबलेली काकवी ताज्या काकवीत कधीही मिसळू नये. थोड्याचा बचाव करण्यास जाऊन सगळीच गमवावी लागते.

टिकविण्याची रसायने मनाने घालू नयेत. वर सांगितल्याप्रमाणे भरलेल्या काकवीस त्यांची गरज पडत नाही. विक्री करणाऱ्याने अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना घेणे आवश्यक आहे. बाटलीवरील चिठ्ठीत पदार्थाचे नाव, निव्वळ वजन, आदण क्रमांक, तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत, उत्पादकाचे नाव व पत्ता आणि नोंदणी क्रमांक ही माहिती असावी. ‘ओला चमचा वापरू नये, उघडल्यावर थंड जागी ठेवावी’ ही सूचनाही अवश्य छापावी. बाटली घरी उत्तम पोहोचूनही ओल्या चमच्याने बिघडते आणि दोष मात्र उत्पादकाच्या माथी येतो.

कोल्हापूरच्या गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात गूळ व काकवी यांवर काम होते. त्याचा लाभ शेतकरी बंधुभगिनींनी घ्यावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी गावातील एखाद्या गुऱ्हाळावर दहा-वीस बाटल्यांचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यांतील निम्म्या नियमाप्रमाणे व निम्म्या नेहमीच्या रीतीने भराव्या आणि दोन महिन्यांनी सर्वांसमक्ष उघडाव्या. उघडलेली बाटली जे पटवून देईल ते भाषणाने पटणार नाही.

आदण उतरले की गुऱ्हाळावरील माणसे थकलेली असतात, पुढचा रस काहिलीत पडावयाचा असतो आणि बाटल्यांचे काम उरकून टाकण्याची इच्छा होते. परंतु वर्षभराच्या श्रमाचे मोल ठरते ते त्याच वेळी. बाटली कोरडी आहे, काकवी गरम आहे, झाकण घट्ट आहे, या तीन गोष्टी प्रत्येक बाटलीगणिक पाहिल्या तर फाल्गुनात भरलेली काकवी दिवाळीच्या फराळातही तितक्याच गोडीने वाढता येईल.